धुवायचा नाही, उन्हात टाकायचा

मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये बावीस बिऱ्हाडं होती आणि गरम कपड्यांची बॅग एकच होती. ती आमच्या लोखंडी कपाटावर असायची. निळी, चेन अर्धी बिघडलेली. कुणीही सिमल्याला, मनालीला नाहीतर वैष्णोदेवीला निघालं की आठवडाभर आधी आमची बेल वाजायची आणि दारातूनच विचारणा व्हायची, "काकू, बॅग घरी आहे ना?" वर्षातून पाच दिवस अंगावर चढणारी वस्तू विकत घेऊन उरलेले तीनशे साठ दिवस तिला डांबरगोळ्या चारत बसायचं, हे मुंबईच्या माणसाच्या डोक्यात बसत नाही. शिवाय बॅग आमची असली तरी आतले सगळे कपडे आमचे नव्हते. माकडटोप्या दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या, काळी शाल तळमजल्यावरच्या मालवणी काकींची, आणि हातमोजे कुणाचे ते कुणालाच आठवत नव्हतं. आमचे होते ते फक्त तीन स्वेटर.

बॅग देताना आई चेन लावून द्यायची आणि एकच गोष्ट सांगायची. "तो राखाडी मोठा आहे ना, तो धुवायचा नाही. उन्हात टाकायचा. खरी लोकर आहे."

माझं लग्न होऊन मी अंधेरीला गेले, मुलं झाली, बिल्डिंगला लिफ्ट आली, तरी ही सूचना बदलली नाही. आणि बिल्डिंगनेही ती पाळली. आमच्याकडे मेंटेनन्स वेळेवर न भरणारे लोक होते, पार्किंगवरून गळे धरणारे लोक होते, पण तो स्वेटर कुणी धुतला नाही.

ते तीन स्वेटर आईने विणले तेव्हा मी सातवीत होते. बाबा सरकारी नोकरीत. त्यांना एलटीसी मिळायची, म्हणजे ठरावीक वर्षांनी सहकुटुंब कुठेतरी फिरून या, भाडं सरकार देईल. एरवी ती आम्ही गावी जाण्यात घालवायचो. त्या वर्षी मात्र बाबांनी दार्जिलिंग काढलं, आणि त्याला कारण होतं एक कॅलेंडर. कुठल्याशा बँकेच्या त्या कॅलेंडरवर डिसेंबरच्या पानाला हिमबिबट्याचं चित्र होतं. दार्जिलिंगला थंडीतल्या प्राण्यांसाठीच केलेलं प्राणिसंग्रहालय आहे आणि तिथे हा राहतो, असं त्यांना ऑफिसात कुणीतरी सांगितलं. झालं. बाबांनी ते पान फाडून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. साडी काढायला दार उघडलं की आईला आधी तो दिसायचा.

"ह्याची शेपटी बघितलीस?" बाबा म्हणायचे. "जवळजवळ त्याच्याएवढीच लांब. थंडी वाजली की तोंडावर ओढून घेतो. आपण चादर ओढतो ना, तसं."

"काहीही सांगता," आई म्हणायची.

तिचंही चुकत नव्हतं. बाबांना तिखटमीठ लावायची सवय होती. भाजी आणायला गेले तरी परत येताना एक गोष्ट घेऊन यायचे, आणि तिच्यातलं निम्मं खरं असायचं. ते हसले आणि म्हणाले, "बरं, तिथे जाऊन बघू. खरं की खोटं."

आईने माझ्या आणि स्वतःच्या स्वेटरला साधी, स्वस्तातली लोकर आणली, आणि माझा वाढत्या अंगाला पुढेही यावा म्हणून मोठ्या बाईच्या मापाचा विणला. बाबांना थंडी फार सोसत नसे, मुलुंडच्या जानेवारीतही ते बनियनवर बनियन घालायचे. म्हणून त्यांच्यासाठी खरी लोकर. बाबा पाच फूट अकरा इंच, आणि आई त्यांच्या खांद्याखाली कुठेतरी संपायची. तो स्वेटर विणता विणता तिच्या मांडीवर मावेना. निघायला दहा दिवस असताना आईला कावीळ झाली. तिकिटं रद्द झाली. बाबांनी चकार शब्द काढला नाही, उलट तिला उसाचा रस आणून देत बसले. नंतर दरवेळी काहीतरी निघत गेलं. आजीचं आजारपण, माझी दहावी, घराची दुरुस्ती, आणि मग बाबांची निवृत्ती. स्वेटर नुसते पडून राहू नयेत म्हणून पहिल्यांदा शेजारच्यांना दिले, आणि बॅग सुरू झाली ती अशी.

बॅग परत यायची तेव्हा तिच्याबरोबर अक्रोड यायचे, जॅमच्या बाटल्या यायच्या. आईला त्यांत काही रस नसे. दार्जिलिंगहून कुणी आलं की ती त्यांना बसवून चहा द्यायची आणि विचारायची, "हिमबिबट्या दिसला का?"

उत्तर ठरलेलं असे. "दिसला म्हणजे काय काकू, झोपला होता. नुसती शेपटी दिसली." कुणाला पाठ दिसली, कुणाला एक कान. एका कुटुंबाने तर पिंजरा रिकामा होता असं छातीठोकपणे सांगितलं. शेपटी तोंडावर ओढताना कुणीही पाहिला नव्हता. बाबा शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत असत. ते पेपर खाली न घेता म्हणत, "थंडी नसेल तेव्हा."

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर पहिल्यांदा आईने काही मागितलं ते गेल्या दिवाळीत. कपाट लावताना ते चित्र निखळून तिच्या हातात आलं. तिने ते मला दाखवलं आणि म्हणाली, "एकदा जाऊन बघायला हवं गं. त्यांचं खरं होतं की खोटं."

मी लगेच मोबाइल काढला. म्हटलं, दोन मिनिटांत व्हिडिओ दाखवते, त्यात काय एवढं. तिने स्क्रीनवर आडवा हात धरला. "ते नको. तिथे जाऊन बघू म्हणाले होते." मग म्हणाली, "माझ्यामुळे राहिलं ना ते."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. कावीळ काय कुणी मुद्दाम आणतं का, असं मी म्हटलं, पण ते बोलून काही उपयोग नव्हता. ती चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे कुरकुरणारे. जायचं तर आत्ताच. मी एप्रिलची टूर बुक केली. अशी टूर, जिथे हिमालयातही दुपारच्या जेवणात श्रीखंड-पुरी मिळते.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरली. आमचा भाग डोंगराच्या पायथ्याशी. राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या आठ-पंधरा दिवसांनी आमच्या मागच्या भिंतीवर येऊन बसतो, सीसीटीव्हीत दिसतो, आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो गुड मॉर्निंगबरोबर फिरतो. तळमजल्यावरच्या मालवणी काकी आईला म्हणाल्या, "काखेत कळसो आणि गावाक वळसो. वाघ बघूक इतक्या लांब कित्याक जातंस गो? हय कंपाउंडात बस, आपसूक येतलो."

"तो नाही," आई म्हणाली. "तो वेगळा."

आता माझा पराक्रम. निघायच्या आधीच्या शनिवारी मी बॅग अंधेरीला माझ्या घरी नेली. आईला सुखद धक्का द्यायचा होता. बॅग उघडली तर डांबरगोळ्यांचा असा भपकारा आला की नवरा बाल्कनीत जाऊन उभा राहिला. इतकी वर्षं इतक्या अंगांवर चढलेला स्वेटर बाबांची आठवण म्हणून आई घेऊन जाणार आणि त्याला असा वास, हे मला पटेना. सूचना मला पाठ होती. बिल्डिंगमधल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. पण मला वाटलं, ती जुन्या काळची गोष्ट, तेव्हा मशीन कुठे होती. मी तिन्ही स्वेटर मशीनमध्ये टाकले, वास जावा म्हणून गरम पाणी लावलं, आणि वास गेला नाही म्हणून पुन्हा एकदा लावलं. वर ड्रायरही फिरवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

माझा नि आईचा स्वेटर जसाच्या तसा बाहेर आला. बाबांचा राखाडी स्वेटर आठवीतल्या मुलाला बसेल एवढा झाला होता. जाड, घट्ट, चटईसारखा. मी त्याला ओढलं, पाण्यात बुडवून ओढलं, नवऱ्याला दुसरं टोक धरायला लावून ओढलं. तो एका इंचानेही वाढला नाही. मी मोरीत बसून रडले. पिढ्यान्‌पिढ्या लोकर घालणारी माणसं असतात, त्यांच्या घरात कुणीतरी हे सांगितलेलं असतं. आमच्याही घरात सांगितलेलं होतं, आणि एकदा नाही, शंभरदा.

आईच्या हातात तो दिला तेव्हा तिने उलटा करून पाहिला, शिवणीवरून बोट फिरवलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "अख्ख्या बिल्डिंगने सांभाळला," एवढंच म्हणाली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, "राहू दे गं आता. पैसे परत मिळतात का विचार. नुसतं मी जाऊन काय करू?"

त्या वेळी मी काय बोलले ते मला पुरतं आठवत नाही, पण गयावया केली हे नक्की. शेवटी म्हटलं, "आई, एकदा तुझ्यामुळे राहिलं म्हणतेस. आता माझ्यामुळे राहू देऊ नकोस." मग तिने विचारलं, विमानात चकली नेता येते का.

दार्जिलिंगला पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी प्राणिसंग्रहालय होतं. आमच्या ग्रुपमध्ये तीस माणसं, बोरिवली, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली. सगळे उसन्या कपड्यांत, ते बघताक्षणी कळत होतं. कुणाच्या बाह्या बोटांवर आलेल्या, कुणाची टोपी कपाळावर घट्ट. आणि नेमकं लख्ख ऊन पडलेलं. तिथली शाळेतली मुलं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात चढण चढत होती आणि आमची पलटण माकडटोप्या घालून घाम पुसत होती. गेटपासून वर चांगलाच चढ आहे. पहिल्या वळणावर घाटकोपरच्या एका काकांनी मफलर काढला, दुसऱ्या वळणावर जॅकेट गेलं, आणि लाल पांड्यापाशी पोचेपर्यंत सगळ्यांच्या कमरेला बाह्यांच्या गाठी बसल्या होत्या.

लाल पांडा झाडाच्या बेचक्यात पोट टेकून पडला होता, चारी पाय खाली सोडून. काळं अस्वल सावलीला भिंतीशी बसलं होतं. लांडगे दिसलेच नाहीत. बिचारे थंडीचे प्राणी, त्यांना ते ऊन आमच्यापेक्षा जास्त जाचत असणार. टूर मॅनेजर पन्नाशीचा, गोरेगावचा, अशा हजार टूर पचवलेला माणूस. तो म्हणाला, "मंडळी, सव्वाचारला खाली गेटवर. उशीर केला तर चहा चुकेल, मग मला बोलू नका."

आई दर वीस पावलांवर कठड्याला धरून थांबत होती. अंगावर ती काळी शाल, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत लपेटलेली. तिच्या ओठांवर घाम आला होता. मी म्हटलं, "आई, काढ ना ती शाल. उकडतंय नुसतं."

"असू दे."

"अगं चक्कर येईल."

"तू पुढे बघ."

हिमबिबट्याच्या जागेपाशी पोचलो तर समोर जाळी, आत खडक, एक ओंडका, झाडं. आणि मागच्या खडकाच्या सावलीत एक शेपटी. नुसती शेपटी. आमच्या ग्रुपने दोन-चार फोटो काढले, कुणीतरी "यार, हा पण झोपलाय" म्हणालं, आणि मंडळी पुढे सरकली. मला हसू आलं. इतक्या वर्षांच्या चहांमध्ये ऐकलेली हकिगत शब्दशः समोर होती.

आई बाकावर बसली. "तू फिरून ये," म्हणाली. "मी आहे इथे."

मीही बसले. पावणेचार झाले. शेपटी हलली नाही. मी तिला हळूच सांगून पाहिलं, की मागच्या बाजूने गेलं तर तोंड दिसेल कदाचित. ती उठली नाही. "यायचा तर येईल," म्हणाली. मला तिचा राग आला, खरं सांगायचं तर. एवढं सगळं करून आणायचं आणि हिने पोस्टात नंबर लावल्यासारखं बसून राहायचं. चार वाजून पाच मिनिटांनी मॅनेजरचा फोन आला. "ताई, निघा आता. वर धुकं चढतंय, काकूंना उतरायला त्रास होईल."

मी मान वर केली तर खरंच दरीतून पांढरं काहीतरी वर येत होतं. पाच मिनिटांत ऊन गेलं. समोरची झाडं पुसट झाली आणि असा गार वारा सुटला की माझ्या त्या स्वस्त लोकरीच्या स्वेटरमधून तो आरपार गेला. खालच्या रस्त्याने लोक कमरेच्या गाठी सोडत, बाह्यांत हात घालत पळत होते. मी दात वाजवत म्हटलं, "आई, चल."

आईने उलटंच केलं. शाल काढली आणि माझ्या खांद्यावर टाकली. "घे. तुला थंडी वाजतेय."

शालीच्या आत बाबांचा राखाडी स्वेटर होता. तो तिला बरोब्बर बसला होता. खांद्याला खांदा, मनगटाला बाही. जणू मापं घेऊन विणला होता. मी बघतच राहिले. ती जाळीकडे बघत म्हणाली, "परवा सहज घालून बघितला. आला."

तेवढ्यात खडकामागची शेपटी हलली.

तो बाहेर आला तेव्हा आम्ही दोघीच होतो. कॅलेंडरवर वाटायचा त्यापेक्षा लहान, रुंद पंजांचा, धुक्याच्याच रंगाचा. घाई नव्हती त्याला. ओंडक्यावर चढला, नाक वर करून वारा हुंगला. दिवसभर सगळे ज्या थंडीची वाट बघत होते आणि आली तशी पळाले, ती त्याला आवडली असावी. मग तो खडकावर गेला, एकदा स्वतःभोवती फिरला, बसला, अंग मुडपलं. आणि ती लांबलचक जाड शेपटी मागून पुढे आणली आणि नाका-तोंडावर घेतली. वर फक्त डोळे राहिले.

आईने माझा हात धरला. तिची बोटं गरम होती. ती रडत नव्हती. हसत होती, बाबांची एखादी थाप पकडल्यावर हसायची तशी, फक्त या वेळी पकडली गेली होती ती स्वतः.

"चादर," ती म्हणाली. "खरंच गं. ह्यांचं खरं होतं."

आम्ही तिथे किती वेळ होतो कोण जाणे. खाली गेटवर पोचलो तेव्हा चहा संपला होता आणि गोरेगावच्या मॅनेजरने दोन कप कुठूनतरी पैदा केले. गाडीत घाटकोपरचे काका म्हणाले, "काही नाही हो, नुसती शेपटी." आई खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं ती सांगेल. तिने नाही सांगितलं.

घरी परतल्यावर मी ते चित्र कपाटाच्या दाराला पुन्हा चिकटवून दिलं. मेच्या पहिल्या आठवड्यात मी आईकडे असताना बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरची नवी सून, मनालीला निघालेली. "काकू, बॅग आहे ना?" आईने बॅग खाली काढायला लावली, टोप्या मोजून दिल्या, शाल दिली, दोन स्वेटर दिले. मी आत चहा टाकत होते.

सून म्हणाली, "आणि तो राखाडी? सासूबाई म्हणाल्या, तोच सगळ्यात गरम आहे. धुणार नाही काकू, उन्हात टाकेन फक्त. मला माहितेय."

"तुला माहितेय गं," आई म्हणाली. "आत चहा करतेय तिला माहीत नव्हतं."

मी आतून ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आईने बॅगेची चेन अर्ध्यापर्यंत ओढली, पुढची अडकते ती हाताने दाबून बसवली, आणि बॅग सुनेच्या हातात दिली.

"तो मात्र नाही मिळायचा," ती म्हणाली. "तो आता मला होतो."